चायनावाल्यांचा शुक्रवार

वासंतीचा आवाज आमच्या घरी आला तो वासंतीच्या कितीतरी आधी. कुवेतमध्ये फरवानियातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघराच्या खिडकीत बाबांचा जुना रेडिओ असे. संध्याकाळी मां तांदळाच्या भाकऱ्या थापायला उभी राहिली की रेडिओला पिठाचे हात नकोत म्हणून मला किंवा माझ्या धाकट्या बहिणीला, रुकैयाला, हाक मारी. मग आम्ही शिट्ट्या, खरखर, अरबी बातम्या आणि एखादं न संपणारं मिसरी, म्हणजे इजिप्तचं, गाणं ओलांडत काटा एका ठरलेल्या जागी आणून थांबवायचो. तिथे एक बाई बोलायची. काय हिंदी होतं तिचं! "प्रिय श्रोतागण, आज हम आपको एक पर्वतीय ग्राम की यात्रा पर ले चलेंगे." एकेक अक्षर घासूनपुसून फळीवर मांडल्यासारखं. केंद्र चीनचं आहे हे ती बाई दर थोड्या वेळाने सांगायची, पण मांने ते कधी मनावर घेतलं नाही. "नोकरीला गेली असल तकडं," ती म्हणायची. "पण पोर लखनौची. खानदानी हाय. कशी सावकाश बोलतंय बघा. नाय तं तुमी दोघी, जसा भांडा पडला." मांला त्यातलं निम्मं कळत नसे. पण भाकरी तव्यावर फुगेपर्यंत तो आवाज कानावर पडावा असं तिला वाटे, आणि तो आला नाही तर त्या दिवशीच्या भाकऱ्या कडक होत, असंही तिचं म्हणणं होतं.

आमच्या घरात हिंदी नव्हतं असं नाही, पण ते बाजारचं होतं. "तुम उदर जाव, मुदीर को पूछो, वो बोलेगा तो खलास," एवढ्यावर बाबांनी कुवेतमध्ये अर्धं आयुष्य काढलं होतं. मुदीर म्हणजे साहेब आणि खलास म्हणजे संपलं, हे आम्हाला अ आ ई आधी कळलं असावं. घरात आम्ही आमची कोकणी बोलायचो, दापोलीच्या खाली खाडीकाठी जी बोलतात ती. मां त्या बोलीत बोलायची, मी तिच्याशी निम्मं त्या बोलीत आणि निम्मं शाळेच्या मराठीत, आणि रुकैया सगळ्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. "रुकू, कांदा काप गो," म्हटलं की "इन अ मिनिट, मां." तो मिनिट कधी आला नाही. आज तिची मुलं तिला तसंच उत्तर देतात आणि ती मला फोन करून रडगाणं गाते तेव्हा मला फार बरं वाटतं.

बाबा ड्रायव्हर होते. अर्दियाच्या एका गोदामात त्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली. मग मालक थकला आणि त्याने गोदामाला कुलूप घातलं. भला माणूस होता, जाताना गळ्यात पडून रडला, पण त्याच्याबरोबर आमचा कफीलही गेला. कुवेतमध्ये बाहेरच्या माणसाला राहायचं तर कुणीतरी कफील लागतो, कागदोपत्री त्याची जबाबदारी घेणारा मालक नाहीतर कंपनी. त्याच्या नावावर इकामा मिळतो, म्हणजे राहायचा परवाना. बाबांचा इकामा उन्हाळा संपेपर्यंत चालणार होता. तोवर नवा कफील मिळाला तर आम्ही राहणार, नाही तर चौघांचं चंबूगबाळं आवरून गावी. गाव वाईट नव्हतं. सुट्टीत आम्ही तिथे आनंदाने जायचो. पण माझं बारावीचं वर्ष होतं, रुकैयाला गाव म्हणजे डास एवढंच माहीत होतं, आणि बाबा त्या वयात पुन्हा कुठे काम शोधणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात कुणी हा विषय काढत नसे. मां नुसती तांदूळ निवडता निवडता थांबायची आणि मग पुन्हा निवडायला लागायची.

अशात बाबांना तात्पुरतं काम मिळालं ते चायनावाल्यांकडे. चीनमधली एक अगडबंब कंपनी, टीव्हीही तिचा आणि रेडिओही तिचा. जगातल्या निम्म्या भाषांत तिचे कार्यक्रम चालतात म्हणे. तिने दस्मानला समुद्राकडे तोंड केलेल्या एका इमारतीत छोटं ऑफिस उघडलं होतं. त्यांना वाटा माहीत असलेला ड्रायव्हर हवा होता, आणि बाबांना वाटांखेरीज काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी घरी आले ते डोळे विस्फारूनच. "एका भिताडावर सगले टीव्ही, गो! सगले चालू. आवाज एकाचा पन नाय. मान्सां नुसती तोंडां हलवतात." रोज काहीतरी नवीन असे. कधी त्या लोकांना वफ्राच्या शेतांवर नेलं, तिथे काचेच्या घरातले टमाटे शूट केले, तर टमाट्याला पुसायला एक वेगळा माणूस होता. कधी वाळूत गाडी रुतली आणि कॅमेरावाला गाडीला धक्का देण्याऐवजी रुतलेल्या चाकाचंच शूटिंग करत बसला. कॅमेऱ्याच्या पेट्या बाबा तान्हं मूल उचलावं तशा उचलत. घरी आमच्या टीव्हीवर डिशमधून त्यांचा चॅनल यायचा, तो बाबा आता मान वर करून बघू लागले. एक अक्षर कळत नव्हतं. "आपला चॅनल हाय," एवढंच म्हणायचे. मग आम्हीही बघायचो, चिनी नाटकातल्या सासवा कोण आणि सुना कोण ते चेहऱ्यावरून ओळखायचो, आणि मां तर त्यांतल्या एका सासूवर इतकी खवळलेली असायची की विचारायची सोय नाही.

ऑफिसच्या साहेबांचं आडनाव होतं शू. आता मराठी घरात हे नाव कसं घ्यायचं ते तुम्हीच सांगा. बाबांनी पहिल्यांदा जेवताना सांगितलं, "आज शू बोलला..." आणि रुकैयाच्या नाकातून पाणी आलं. पुढचे कित्येक दिवस "शू आला", "शू गेला", "शू गाडीत बसला" असं एकही वाक्य बाबांना पुरं करता आलं नाही. शेवटी मांने हुकूम काढला की आजपासून ह्या घरात त्यांना मोठे साहेब म्हणायचं. मोठे साहेब बाबांशी तीन शब्द बोलत: गो, स्टॉप आणि ओके. हसत नसत, रागावत नसत. बाबांचं काम त्यांना पसंत आहे की नाही हे त्यांच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता, आणि ते कफील व्हायला तयार होतील का हे विचारायची बाबांची छाती नव्हती. "उद्या विचारतो," म्हणायचे. उद्या झाला की परवा.

मग एक दिवस दुपारी दार वाजलं. बाबा कुणालातरी चहाला घेऊन आले होते. मां स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "नमस्कार. क्या माताजी घर पर हैं?" मां हातातली सुरी टाकून धावली. तोच आवाज! रेडिओतला, लखनौचा! ओढणीला हात पुसत ती दारात आली, समोर पाहिलं, आणि मग त्या बाईच्या मागे वाकून पाहू लागली. मागे कुणी नव्हतं. समोर आखूड केसांची, गोल चष्म्याची एक चिनी मुलगी हात जोडून उभी होती. "माताजी, मैं वासंती हूँ. आपके दर्शन पाकर मुझे अपार हर्ष हुआ." मांने माझ्याकडे बघून विचारलं, "ही कनच्या भाषेत बोलतंय?" मी म्हटलं, "मां, हिंदीत." "मग मना कसा कलत नाय?"

वासंती हे तिचं रेडिओवरचं नाव. त्या कंपनीत हिंदी विभागातली माणसं हिंदी नाव घेत, तशी तिथली रीत होती. तिच्या खऱ्या चिनी नावातही वसंत होता, असं तिने सांगितलं, पण ते नाव आमच्या कुणाच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. हिंदी ती पुस्तकातून शिकली होती, एका म्हाताऱ्या गुरुजींकडून, आणि आखातातल्या हिंदी माणसांवर कार्यक्रम करायला तिला इकडे पाठवलं होतं. बिचारीची पंचाईत अशी की इथे तिचं हिंदी कुणाला कळेना आणि इथलं तिला कळेना. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने "कृपया एक शीतल पेय दीजिए" म्हटलं तर पोरगा आत जाऊन मालकाला घेऊन आला. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, हिंदीचं हिंदीत भाषांतर. मां म्हणायची, "उसको बोल, ये मच्छी एकदम ताजा, अब्बी लाया." मी वासंतीला सांगायची, "माताजी कह रही हैं कि मछली ताज़ी है." वासंती म्हणायची, "माताजी को मेरी ओर से हार्दिक आभार दीजिए." मी मांला सांगायची, "थँक्यू म्हणतेय." शाळेत माझं हिंदी जेमतेम पास होण्यापुरतं होतं, पण त्या उन्हाळ्यात ते असं झालं की परीक्षेत बाईंनी मला उभं करून विचारलं, ट्यूशन कुठे लावलीस.

वासंती दर आठवड्याला येऊ लागली. पायातले बूट काढून सरळ स्वयंपाकघरात जायची आणि मांच्या बाजूला जमिनीवर बसून भाकरी थापायचा प्रयत्न करायची. तिच्या भाकरीला कुठल्याही देशाचा नकाशा जुळला असता. मां तिला शिव्या द्यायची, ती त्या लिहून घ्यायची आणि मला अर्थ विचारायची. काही मी सांगितले. मांला तिसरी मुलगी मिळाली आणि मला कुणीतरी मोठं मिळालं जे माझं बोलणं कान देऊन ऐकतं, ही त्या उन्हाळ्यातली सगळ्यात गोड गोष्ट. आजही ती मला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते. निवृत्त झाली, आजी झाली, पण हिंदी तेच. परवा गुडघेदुखीवर तिने सांगितलं, "प्रिय सकीना, अपने घुटनों को अनावश्यक कष्ट मत दो." नातीला ऐकवलं तर ती म्हणाली, नानी, तुझ्याकडे सरकारी अनाउन्समेंट का येतात?

एकदा मांने वासंतीसमोरच तो विषय काढला. "ये मोठा साब इसका कफील बनेगा के नै?" मी सांगितलं. वासंतीने चष्मा पुसला. "श्री शू अत्यंत संकोची व्यक्ति हैं. उनके मन की बात कोई नहीं जानता. मैं भी नहीं." मांने विचार केला आणि निकाल दिला. "जेवाला बोलव त्याना. माझ्या हातचा जेवला मग नाय कसा बोलंल?" बाबा हादरले. "येडी झालीस? मुदीरला घरात? ह्या खोलीत?" "मग कनच्या खोलीत? आपल्याकडं हाय ती हीच." तीन दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "शुक्करवारी येतात. चौघं."

त्या शुक्रवारची तयारी काय सांगू. मांने दोन दिवस आधी आम्हाला फरशी घासायला लावली, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे वरच्या मिसरी बाईकडे नेऊन ठेवले, आणि बाबांना मासळीबाजारात पाठवलं ते चांगलं पापलेट नाही मिळालं तर परत येऊ नका असं सांगून. सकाळपासून घरात खोबरं भाजल्याचा वास भरून राहिला होता. बकऱ्याची सागोती, भाकऱ्या, तळलेलं पापलेट, सुक्या जवळ्याची चटणी, आमसुलाचं सार, आणि वरून नारळाच्या दुधातले सरवळे. सरवळे म्हणजे तांदळाच्या पिठाच्या हाताने वळलेल्या बारीक शेवया. मांचं म्हणणं, शेवया बघून चायनावाल्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटेल. ती सगळं करत होती पण ओठ सारखे हलत होते, काहीतरी पुटपुटत होती, आणि मधेच मला विचारी, "त्याना तिखट चालंल?" मी म्हणे, हो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. एसी घरघरत होता तरी तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. खाडीत होडी उलटली तेव्हा पोहत आलेली बाई ती, आणि चार माणसांच्या जेवणासाठी ती एकच गोष्ट दहादा विचारत होती. मलाच रडू यायला लागलं, म्हणून मी कोथिंबीर निवडायला बसले.

जुम्म्याची नमाज झाली आणि बाबा पाहुण्यांना घेऊन आले. तिघेच. मोठे साहेब, कॅमेरावाला आणि टेपवाला इंजिनियर, हे दोघे पोरसवदा. वासंतीला अचानक एक बातमी पाठवायची होती, ती मागून टॅक्सीने येणार होती. म्हणजे दुभाषाच नाही. बाबांचा चेहरा पडला. साहेबांना इंग्रजी नावाला, आणि माझं इंग्रजी त्यांना कळेना. तरी त्यांनी वाकून मांला नमस्कार केला, बूट काढले, आणि जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर अशी सुरेख मांडी घातली की मां चकित झाली. मधोमध सागोतीचं पातेलं, बाजूला भाकऱ्यांची चळत. बाबा त्यांच्यासोबत बसले. मी नि रुकैया दारात, आणि मां हातात गरम भाकरी घेऊन पाहुण्यांच्या डोक्याशी उभी.

ती पोरं जेवेनात. पोरं साहेबांकडे बघत बसली, साहेब पातेल्याकडे. कुणी हात लावेना. मग साहेबांनी बोट थेट मांच्या सागोतीकडे केलं, पोरांकडे पाहिलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "छी! छी!"

मांला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण साहेबांनी मान वळवली, मांकडे पाहिलं, पुन्हा पातेल्याकडे बोट केलं आणि मोठ्या अगत्याने म्हणाले, "छी, छी!"

"कय बोलला तो?" मांने बाबांना विचारलं. बाबांनी मान खाली घातली. आमच्या घरात छी हा शब्द उकिरड्यासाठी, कुजलेल्या मासळीसाठी आणि रुकैयाच्या खोलीसाठी होता. मांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. त्या चेहऱ्याकडे बघून मी समजले की आता इकामा, कफील, कुवेत, सगळं गेलं खड्ड्यात. "नाय आवडला? नको जेवू!" ती म्हणाली. "माझ्या घरात बसून माझ्या रांधपाला छी बोलतंस? सकीना, उचल गो सगला! उचल!" आणि भाकरी चळतीवर आपटून तिने वाकून पातेल्याचा एक कान धरला.

साहेबांनी दुसरा धरला.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, नाही तर मीच विश्वास ठेवला नसता. एकीकडून मां ओढतेय, "छोडो! नै मंगता तो नै मंगता!" दुसरीकडून मोठे साहेब ओढतायत आणि त्या दोन पोरांवर ओरडतायत, "छी! छी!" साहेब ओरडले तशी पोरं घाबरली आणि त्यांनी भाकऱ्या तोडून बकाबका तोंडात कोंबायला सुरुवात केली. तोंडाने छी आणि हाताने खाणं! मां क्षणभर गोंधळली, पण पातेलं सोडेना. बाबा अर्धवट उठलेले, धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत, दोन्ही हात पुढे करून नुसते "गो... अगो..." म्हणतायत. रुकैया किंचाळली, "ओ माय गॉड, मां, लीव्ह इट!" आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

वासंती आत आली. तिने एकवार सगळं पाहिलं. "माताजी," ती अत्यंत शांतपणे म्हणाली, "आप भोजन वापस क्यों ले रही हैं?"

"ये मेरेकू छी बोलताय! मेरे खाने को छी बोलताय!"

वासंतीने चष्मा नाकावर वर सरकवला. रेडिओवर पर्वतीय ग्राम सांगायची त्याच आवाजात तिने सांगितलं, "माताजी, चीनी भाषा में 'छी' का अर्थ है, भोजन ग्रहण कीजिए."

मी ओरडले, "मां! छी म्हणजे जेवा! ते जेवा म्हणतायत! तुलापण जेव म्हणतायत!"

मांने पातेलं एकदम सोडलं. साहेब ओढतच होते. ते पातेल्यासकट मागे गेले, उताणे पडता पडता भिंतीला टेकले, आणि सागोतीचा रस्सा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर पोटापासून गळ्यापर्यंत चढला. पातेलं मात्र त्यांनी सरळ धरून ठेवलं. बाबांनी डोळे मिटले. मला आजही ती मिटलेली पापणी दिसते, आणि त्यांच्या ओठांवरून मी वाचलं, खलास.

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं. एका बोटाने रस्सा पुसला, बोट तोंडात घातलं. वासंतीने त्यांना चिनीत सांगितलं की छी म्हणजे आमच्याकडे काय. ते तिच्याकडे बघत राहिले, मग मांकडे, आणि मग हसायला लागले. काय हसले! आवाजच नव्हता आधी, नुसते खांदे हलत होते, आणि मग एकदम इतक्या मोठ्याने की वरच्या मिसरी बाईने पाय आपटला. ती दोन पोरं भाकरी तोंडात धरून हसत होती, रुकैया जमिनीवर लोळत होती. मां आपल्या ओढणीने साहेबांचा शर्ट पुसत होती, हसतही होती आणि रागेही भरत होती, "पन आसा शब्द ठेवायचाच कशाला मेल्यांनी?" तेवढे एकटे बाबा हसत नव्हते. ते साहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

हसू ओसरलं, वासंतीसकट पाहुणे जेवायला बसले, आणि जेवता जेवता साहेब तिच्याशी बोलू लागले. बराच वेळ. मधेच ते मांकडे हात करत, मधेच बाबांकडे. वासंती ताठ बसली. मला तिची सवय माहीत होती. मनातून हलली की तिचं हिंदी आणखी अवघड व्हायचं. "श्री शू कहते हैं," तिने सुरुवात केली, "कि गृहत्याग के पश्चात किसी ने उन पर इतने स्नेह से क्रोध नहीं किया. उनकी माताजी भी विलंब करने वाले अतिथि के सम्मुख से पात्र उठा लेती थीं." इथपर्यंत मी भाषांतर केलं. मग ती बाबांकडे वळली. "इब्राहिम जी, श्री शू आपके कार्य से आरंभ से ही संतुष्ट थे. वे समझते थे कि आप यहाँ रहना नहीं चाहते, क्योंकि आपने कभी कहा नहीं. संस्था आपके निवास का प्रायोजन करेगी. कल आप अपना पारपत्र ले आइए."

बाबांना एक शब्द कळला नाही. पारपत्र त्यांना पारपत्य ऐकू आलं, म्हणजे आता आपला बंदोबस्त होणार. "कय करनार?" त्यांनी मला विचारलं. मीही अडले होते. प्रायोजन, प्रायोजन. कुठे ऐकलाय हा शब्द? आणि मग लख्ख आठवलं. टीव्हीवर! कार्यक्रमाच्या आधी साबणवाल्यांचं नाव येतं, ह्या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत... प्रायोजक म्हणजे स्पॉन्सर. स्पॉन्सर म्हणजे...

"कफील!" माझा आवाज फाटला. "बाबा, कंपनी कफील होणार! पासपोर्ट आणायला सांगतायत! उद्या!"

ह्यानंतर मी त्याच ऑफिसात काही वर्षं नोकरी केली, कितीतरी भाषणं, बातम्या, मुलाखती इकडच्या तिकडे केल्या, मोठमोठ्या लोकांची. पण भाषांतर म्हणून आयुष्यात मी खरं काही केलं असेल तर ते एवढंच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वासंतीकडे, खात्री करायला. तिने मान हलवली. ते मांकडे वळले. मांला कळलं होतं, तरी त्यांनी सांगितलं, कारण त्यांना ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. "हितंच राहायचा, गो," ते म्हणाले. "आपल्याला हितंच राहायचा." आणि साहेबांसमोर, त्या पोरांसमोर, माझे बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. साहेबांनी त्यांच्या ताटात पापलेटचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला.

मां खाली बसली. आमच्या घरात पाहुणे उठेपर्यंत ती कधी जेवायची नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. त्या दिवशी ती दस्तरखानाच्या कडेला, तिथल्या तिथे बसली. साहेबांनी पातेलं तिच्या पुढ्यात सरकवलं. तोंडातून मात्र शब्द काढला नाही, मोठ्या सावधपणे नुसतं सरकवलं. मांने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. चावता चावता तिचं तोंड थांबलं.

रांधताना चाखायचं नाही हा तिचा बाणा होता. मीठ वासावर कळतं, म्हणायची. तिने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. "वासंती," ती हळूच म्हणाली, "इसमें नमक किदर है?"

"लवण?" वासंती म्हणाली. "हाँ माताजी, लवण नहीं था. किंतु हमने समझा, यह आपकी प्रथा है."

मांने कपाळावर हात मारला. "छी!" ती म्हणाली.

आणि चारही चायनावाले मुकाट्याने ताटावर वाकले आणि पुन्हा जेवायला लागले.